दातांत धरलेला दोरा

४ सप्टेंबर

पोहोचले एकदाची. बोट धक्क्याला लागली तेव्हा उन्हं कलली होती, ट्रंकेची कडी तुटून हातात आली होती, आणि तरीही मन इतकं हलकं की ट्रंक डोक्यावर घेऊन नाचत आले असते. नवऱ्यानं, म्हणजे आमच्या शिडीरावांनी, सकाळी निघताना बजावलं होतं की बोटीचे भोंगे दोन असतात. पहिला धावणाऱ्यांसाठी, दुसरा रडणाऱ्यांसाठी. मी पहिल्यालाच धावले. वळून पाहिलं तर हा माणूस सगळ्या गर्दीच्या वर डोकं काढून हात हलवत उभा. शिडी म्हणते ते उगीच नाही.

दुकान अरुंद आणि उंच आहे. खाली काचेच्या खिडकीत बिनडोक्याचे पुतळे लग्नाचे पोशाख घालून उभे. मधल्या मजल्यावर आरशाची खोली, आणि सगळ्यात वर छपराखाली शिवणघर. छपरात काच बसवलीय, म्हणून उजेड भरपूर. ती काच काठीनं उघडली की धक्क्यावरचा भोंगा अगदी कानाशी वाजल्यासारखा येतो. शिवणघरामागच्या खोलीत माझी खाट. खाटेचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी जुन्या चिंध्यांची घडी सारली. सुताराची बायको असून चिंधी सारतेस, असं तो म्हणाला असता.

मालकीणबाई गोल, हसऱ्या, अंगाला इस्त्रीच्या वाफेचा वास. आल्या आल्या त्यांनी मला आरशापुढे उभं करून मापं घेतली आणि म्हणाल्या, अशीच हवी होती. ना उंच ना बुटकी, ना जाड ना वाळकी, कुठल्याही नवरीचा पोशाख हिच्यावर चढवून बघता येईल. माझ्या बेताच्या असण्याचं कुणी कौतुक करेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, लग्न ठरवून झालं की मनानं. मनानं म्हटल्यावर तर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

दुसऱ्या आहेत शिवणाऱ्या मावशी. पाठीत वाकलेल्या, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, उजव्या हाताची करंगळी वाकडी. मी इतकी बडबडले, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आता मी इथे का आले, ते लिहून ठेवते. शिडीराव नदीच्या वरच्या अंगाला पुलाच्या कामावर आहे. ऑक्टोबर संपता संपता काम उरकेल, मग तो मला न्यायला येईल आणि आम्ही दोघं आमच्या दोन खोल्यांत राहायला जाऊ. तोवर सासूबाईंच्या नजरेखाली बसून राहण्यापेक्षा सुई चालवलेली बरी.

झोप येत नाहीये म्हणून खिशाची गोष्ट पुन्हा एकदा. तो माझ्या आईच्या दुकानात कोटाचा खिसा शिवायला आला. आठवड्यानं तोच खिसा तिथेच फाटलेला. शिवून दिला. परत फाटला. तेव्हा मी भोक उजेडात धरलं तर कडा खिळ्यानं टोचून टोचून फाडलेल्या. खिशाचं तोंडच दुहेरी दोऱ्यानं बंद करून टाकलं आणि कोट हातात दिला. त्यानं हात आत घालायला नेला, बोटं आपटली, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाला, आता हा हात ठेवू कुठे. तेव्हापासून मी टाचणी आणि तो शिडीराव. तो खिसा अजून तसाच शिवलेला आहे, कुणाला उसवू देत नाही.

७ सप्टेंबर

आज तो झगा पाहिला. ह्या दुकानाचं नाव त्याच्यामुळेच आहे म्हणतात. सायीच्या रंगाचा, पायघोळ, हातात घेतला की वाटतो त्याहून जड. पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं जातोय. बाई सांगत होत्या, ह्यात उभी राहिलेली नवरी कधी दुःखी झाली नाही. मुलगा पाहिलेला नसो, मनात नसो, झगा अंगावर चढला की नवऱ्यावर जीव जडलाच.

मी मनात म्हटलं, दुकानदारानं आपला माल आंबट आहे असं कधी सांगितलंय.

झग्याची रीत मात्र मला आवडली. तो कधीच कापत नाहीत. शिवणीत माया भरपूर ठेवलीय, नवरी रुंद असली की उसवून सोडायचा, बारीक असली की आत घ्यायचा. म्हणून आत शिवणीवर शिवणी आहेत, प्रत्येकीचा दोरा वेगळा. आई म्हणायची, टाक्यात हात उरतो. कोण रागात शिवत होतं, कोण घाईत, कोण गाणं म्हणत, ते उसवताना कळतं. शिवणाऱ्याला अशा झग्याशिवाय दुसरी मेजवानी कुठली.

आत्ताची नवरी धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. खांदे रुंद, चेहरा भोळा. तिनं मुलाला एकदाच पाहिलंय, तेही वडीलधाऱ्यांच्या रांगेत. मापं देताना रडत होती. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, रड आत्ताच, नंतर वेळ मिळणार नाही. जवळजवळ सगळा झगा उसवावा लागणार.

११ सप्टेंबर

काहीतरी झालं. गोड आहे, पण चमत्कारिक.

बाहीची शिवण उसवत होते. पहिला टाका सुटला आणि मला एक रस्ता आठवला. मी त्या रस्त्यावर कधी गेलेले नाही. पण लहानपणची गल्ली आठवावी तसा आठवला, चढणीसकट. संध्याकाळ. रस्त्यावरचे दिवे लावणारा एक तरुण, खांद्यावर लांब काठी. सगळ्या गल्ल्या संपवून तो शेवटी एका दारापुढच्या दिव्याशी येई, आणि तो दिवा रोज नेमका बिघडलेला असे. दारात एक मुलगी उभी. तो वात नीट करतोय, ती काच पुसून देतेय, आणि घरातले सगळे अंधारात जेवायला शिकलेत. एके दिवशी तिनं विचारलं, दिवा रोज कोण बिघडवतं. तो म्हणाला, मी सकाळी बिघडवतो. ती म्हणाली, दुपारी बाबा तो दुरुस्त करतात, मग परत कोण बिघडवतं असं वाटतं तुला, मीच.

शिवण संपली तेव्हा मी गालातल्या गालात हसत होते. मावशी बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी फक्त विचारलं, हात गार पडलाय का. पडला होता. बसून बसून पायाला मुंग्या येतात तसा.

१६ सप्टेंबर

आज कमरेची शिवण. वेढा पडलेलं एक शहर, धान्य संपत आलेलं, भिंतीला मातीची पोती. एक मुलगी सैनिकांचे कोट शिवतेय. एक पहारेकरी कोट टाकून गेला तो तीन ऋतू आलाच नाही. आला तेव्हा डावा हात नव्हता. कोट अंगावर चढवून तो तिच्यापुढे नुसता उभा राहिला, रिकामी बाही लोंबतेय. तिनं बाही दुमडून खांद्याशी शिवायला घेतली, आणि शेवटचा टाका झाल्यावर दोरा तोडला नाही. तसाच सुईसकट आपल्या बाहीत अडकवला. हेच त्यांचं लग्नाचं विचारणं.

ह्या गोष्टी नवऱ्या मुलींच्या आहेत असं मी धरून चालले होते, म्हणजे झगा घालणाऱ्यांच्या. पण आज नीट पाहिलं. ह्या मुलीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुईच्या टोचण्या होत्या. दिवेवाल्याची ती, तिच्याही. माझ्या बोटाकडे पाहिलं.

असतील, तेव्हा कोण शिवत नव्हतं.

२१ सप्टेंबर

गळ्याची शिवण. चौकातल्या घड्याळाची देखभाल करणारा माणूस. ती संध्याकाळी चौकात येई आणि घड्याळाचे ठोके पडले की घरी पळे. म्हणून हा पठ्ठ्या रोज काटे थोडे मागे सारायचा. गावातल्या बायका चुली उशिरा पेटवू लागल्या, शाळा उशिरा सुटू लागली, न्यायाधीश भरल्या कचेरीत जांभया देऊ लागले. तिला कळलं तेव्हा ती रागावली. मग म्हणाली, करायचंच आहे तर नीट कर, बंद पाड.

पोट धरून हसले. संध्याकाळी शिडीरावला पत्र लिहायला बसले तर ही गोष्ट लिहून झाली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. कधी नव्हे ते कागदाची मागची बाजू कोरी राहिली. थकले असेन. सबंध दिवस मान खाली.

२७ सप्टेंबर

आजची शिवण सगळ्यात नवी. दोरा अजून ताजा, टाका बारीक आणि ओळखीचा.

चष्मे करणाऱ्याचं दुकान. एक मुलगी खुर्चीत, तो तिच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरतोय आणि विचारतोय, आता कसं दिसतं. त्याच्या डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा झुपका. पेटीतल्या सगळ्या काचा झाल्या, बरोबर लागणारी तेवढी त्यानं मुठीत लपवलेली. ती म्हणाली, मुठीतली लाव आता, मला तू दिसायचा आहेस. तिनं हात पुढे केला. उजवी करंगळी वाकडी होती.

मी सुई ठेवली. मावशी खिडकीशी बसून चष्म्यातून सुईत दोरा घालत होत्या. विचारलं, हा चष्मा कुणी केला. त्यांनी तो काढला, उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, माहीत नाही, कुठूनतरी घेतला असेल. मी भुवईतल्या केसांचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, शेजारणीच्या पाहुण्यांबद्दल ऐकावं तशा. मग म्हणाल्या, छान माणूस दिसतो. आणि पुन्हा दोरा घालायला लागल्या.

मला भीती वाटली. पहिल्यांदाच, अगदी स्पष्ट.

२८ सप्टेंबर

उजेडात सगळं ठीक वाटतं. मावशी म्हाताऱ्या आहेत, विसरतात. शिडीरावचं पत्र आलं. पूल दोन्ही काठांकडून जवळ येतोय, मधे आता एवढंच अंतर राहिलंय की तो पलीकडच्या सुताराला शिव्या देऊ शकतो आणि त्या पोचतात. शेवटी लिहिलंय, टाचणी, खिसा अजून बंद, हात अजून बेघर.

पत्र उशीखाली ठेवलं. एक महिना. मग मी इथे कशाला असेन.

३ ऑक्टोबर

झगा शिवून झाला. आज पाठीची शिवण घेतली. ती शेवटची आणि ती अंगावरच घेतात, कमरेपासून मानेपर्यंत, म्हणजे चुणी पडत नाही. नवऱ्या चुळबुळ करतात म्हणून अंग माझं. खांद्यांत कापडाच्या घड्या भरून व्यापाऱ्याच्या मुलीएवढी झाले आणि आरशापुढे उभी राहिले.

अंगावरचा कपडा शिवताना घालणारीनं दातांत दोरा धरायचा, हे मला आईनं शिकवलंय. नाहीतर कपड्याबरोबर माणसाचं मनही शिवलं जातं म्हणे. कुठल्याही शिवणघरात हे ऐकायला मिळेल. न मागता मी दोऱ्याचा तुकडा दातांत धरला. मावशींनी मान हलवली.

कंबर झाली. बाई समोर येऊन बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, किती वेळ मुकी उभी राहशील, त्या खिशाची गोष्ट सांग की, तूच म्हणालीस ना मोठी गमतीची आहे.

माझ्या जिभेला हाड नाही. मी दोरा काढला आणि सांगायला लागले.

मावशींची सुई पाठीवर थांबली. बाई माझ्याकडेच बघत हसत म्हणाल्या, शिवा. सुई पुन्हा चालू झाली. मी सगळं सांगितलं. खिळा, भोक, दुहेरी दोरा, बोटं आपटली ते, टाचणी, शिडीराव, धक्क्यावरचं त्याचं सगळ्यांच्या वर आलेलं डोकं. बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. शेवटचा टाका मानेशी पडला तेव्हा मी बोलायची थांबले. का थांबले ते आठवेना. गोष्ट संपली असावी.

बाईंनी बाजूची बटणं काढून झगा उतरवला. मावशी कोपऱ्यात तोंड फिरवून उभ्या होत्या.

४ ऑक्टोबर

झोप छान लागली. स्वप्न नाही, काही नाही.

९ ऑक्टोबर

काम बरंच झालं. चार पडदे, एक अस्तर. उशीखाली एक पत्र सापडलं. कुणीतरी पुलाबद्दल लिहिलंय. अक्षर मोठं, हसवायचा प्रयत्न फार. इस्त्रीखाली ठेवायला जाड कागद हवाच होता.

१४ ऑक्टोबर

व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न झालं. ती झगा परत द्यायला स्वतः आली. गाल लाल, पाय जमिनीवर ठरत नव्हते. नवराही होता, बुटका, घाबरलेला. ती त्याचा दंड सोडेना. त्याला शिडीराव म्हणत होती. तिची सासू म्हणाली, अगं, हा तुझ्या कानाला लागतो, शिडी कसली. सगळे हसले.

मग तिनं गोष्ट सांगितली. तो तिच्याकडे कोटाचा खिसा शिवायला यायचा, स्वतःच खिळ्यानं फाडून. एकदा हिनं खिसाच बंद करून टाकला. तर म्हणाला, आता हा हात ठेवू कुठे. नवरा म्हणाला की मी असं कधी म्हणालो नाही. ती म्हणाली, लाजतात.

मी खूप हसले. नवीनच ऐकली ही गोष्ट.

१५ ऑक्टोबर

मागची पानं वाचली.

१६ ऑक्टोबर

पुन्हा वाचली. अक्षर माझं आहे. ही बाई फार बडबडते. नवऱ्याचं कौतुक तर विचारू नका. खिशाची गोष्ट ४ सप्टेंबरला आहे. मुलीनं परवा सांगितली तीच. आधी लिहिलेली. माझ्या हातानं.

म्हणजे मला कळलंय. कळतंय मला सगळं. पण कळण्यापलीकडे काही होत नाही. रडून बघितलं. तोंड वाकडं करून आरशात बघितलं. चेहरा रडल्यासारखा झाला, मग दमला.

१७ ऑक्टोबर

झगा कपाटात, किल्ली बाईंच्या कमरेला. विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, ज्या लग्नांत काही नसतं त्यांना कुठूनतरी द्यावं लागतं ना. तुझ्याकडे भरपूर होतं. ती पोरगी सुखात आहे, तू पाहिलंसच. आणि तुला तरी कुठे दुखतंय, सांग.

मी शोधून पाहिलं. दुखत नाही.

खोलीत आल्यावर हात उशीखाली काहीतरी चाचपायला लागला. मन नाही, हातच. शरीराला काहीतरी ठाऊक असावं—

२२ ऑक्टोबर

इस्त्रीचा चटका बसला. वास आला तेव्हा कळलं. मावशींनी तेल लावलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला असंच. नंतर त्याचीही सवय होते. विचारलं, किती दिवसांनी. त्यांनी खांदे उडवले.

मला मावशी व्हायचं नाहीये. लिहून ठेवते, कारण उद्या व्हावंसं वाटेल.

२९ ऑक्टोबर

एक उंच माणूस आला. दारात वाकून आत आला तरी डोकं चौकटीला लागलं. मला बघून तो इतका हसला की मी मागे वळून पाहिलं.

मी त्याला खरं सांगितलं. म्हटलं, माझ्या वहीत तुम्ही माझे नवरे आहात. पण मला काही वाटत नाही. बसा, पाणी आणते.

त्यानं तुम्ही हा शब्द पुन्हा म्हणून पाहिला. मग बाकावर बसला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

३० ऑक्टोबर

तो दुकानासमोर बसलेला आहे. बाई म्हणतात, बसू दे, गिऱ्हाइकांना वाटतं नवरदेव आहे.

मावशींनी आज झगा घेतला, पुढच्या नवरीसाठी पाठीची शिवण उसवायला. वरून आवाज आला म्हणून गेले. मावशी हसत होत्या. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. उसवलेला दोरा मुठीत धरून म्हणाल्या, हात आपटला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, ते तू आम्हाला सांगितलंच नव्हतंस.

म्हटलं, कुणाचे कान.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीतून खाली, बाकाकडे.

१ नोव्हेंबर

उंच माणूस वर आला. उद्याच्या बोटीनं जातोय म्हणाला. मी ये म्हटलं असतं तर थांबला असता, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. निरोपाचं बोलतात ते बोलले, नीट जा.

त्यानं कोट काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, खिसा उसवून ठेव. आता बंद ठेवण्यात अर्थ नाही. थंडीत कोटाशिवाय गेला.

टाका पाहिला. दुहेरी दोरा, घट्ट, जरा चिडून घातलेला. चांगला हात आहे. मी कात्री उचलली तर मावशी म्हणाल्या, दुखेल. विचार कर. हे तू बाहेर शिवलेलं आहेस, ह्या घरातलं नाही, ह्यात तुझं तुला उरलेलं असेल. माझं बाहेर काहीच शिवलेलं उरलं नव्हतं.

दुखेल म्हणजे काय ते आठवून पाहिलं. कात्री खाली ठेवली.

२ नोव्हेंबर

घाईत लिहिते. दातांत दोरा आहे, बोलता येत नाही.

सकाळपासून झगा अंगावर. मावशी पाठ शिवत होत्या. बाई पुढ्यात बसून म्हणाल्या, सांग काहीतरी, काहीही सांग. माझ्याकडे काही नव्हतं. बाई चिडल्या. खाली गिऱ्हाईक आलं म्हणून गेल्या. तेवढ्यात मावशींनी कोट माझ्या हातात कोंबला. म्हणाल्या, मला रात्रभर झोप नाही, तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आहे आणि तो माझा नाही. उसव.

उसवला. पहिल्या टाक्याला काही नाही. दुसऱ्याला—

शिडी. माझा शिडी. कान लाल. मी त्याला नीट जा म्हटलं. पाणी आणते म्हटलं—

दुखतंय. छातीत, हाताच्या चटक्यात, सगळीकडे एकदम. मी ओरडणार तोच मावशींनी तोंडात दोरा घातला. म्हणाल्या, पाठीचे टाके अंगावर आहेत तोवर बोललीस की गेलं, झगा काढूनही उपयोग नाही, अंगावरच उसवायला हवेत. त्या उसवताहेत.

छपराची काच उघडी आहे. पहिला भोंगा झाला.

पहिला धावणाऱ्यांसाठी. मी धावणार आहे.

मावशी कानाशी विचारताहेत, तो चष्मेवाला कसा होता, पुन्हा सांग. सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते, वही तुमच्याकडेच ठेवा. मावशी, त्याच्या डाव्या भुवईत पांढरा झुपका होता. काच धरताना तो श्वास रोखायचा. बरोबरची काच त्यानं मुठीत लपवली होती, कारण तुम्ही उठून जाल म्हणून—

पाठीवर ओलं लागतंय. त्या रडताहेत. शिवू नका, रडा, पण उसवत राहा—

जिना वाजला. बाई. किल्ल्यांचा आवाज. गोड आवाजात विचारताहेत, काय गं, आठवलं का काही, सांग ना—

नाही बोलणार. दोरा आहे. दातांत घट्ट—

खांद्यापर्यंत आल्या. मानेपाशी. एकच राहिला मावशी, एकच, लवक—

भों—